घूस लवकर म्हातारी का होते आणि फ्लेमिंगो उशिरा का?

ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या खाडीकाठी उभं राहिलं की पाणी मागे हटेल तसे पुढे सरकणारे फ्लेमिंगो दिसतात. मान खाली, चोच उलटी, चिखलपाणी गाळत त्यांचं खाणं अखंड चालू असतं. त्याच काठावर दिवे लागणीला दगडी बांधाच्या कपारीतून घूस बाहेर पडते. वजनात दोघांचा फार फरक नाही. मोठी घूस किलोभराची, तर आपल्याकडे जास्त संख्येनं येणारा लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, दीड-दोन किलोचा. दोघांचं रक्त गरम, दोघांच्या पेशी जवळपास सारख्याच रचनेच्या, दोघांचा डीएनए त्याच चार अक्षरांत लिहिलेला. पण घूस वर्ष-दीड वर्षात संपते. पिंजऱ्यात जपलेला, वेळेवर खायला मिळणारा, मांजर-कुत्र्याची भीती नसलेला उंदीरसुद्धा तीनेक वर्षांत म्हातारा होऊन मरतो. मोठ्या फ्लेमिंगोंपैकी काही मात्र रानात चाळिशी ओलांडतात आणि ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयातला एक जानेवारी २०१४ मध्ये गेला, तेव्हा तो किमान ८३ वर्षांचा होता.

सारख्याच मालमसाल्याच्या दोन शरीरांत पंचवीस-तीस पटींचा फरक पडतो तो कशामुळे?

उत्तराकडे जाण्याआधी एक घोळ मिटवायला हवा, कारण गप्पांत तो हमखास होतो. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या बाळाचं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं, आज ते ७०च्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा माणसं बत्तिसाव्या वर्षी म्हातारी होत होती, असा नाही. तान्ही बाळं आणि बाळंतिणी मोठ्या संख्येनं दगावत, पटकी, देवी, क्षय, हिवताप यांनी तरुण माणसं जात, म्हणून सरासरी खाली यायची. जे वाचत ते तेव्हाही सत्तरी-ऐंशी गाठत. सरासरी आयुष्य आणि म्हातारं होण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरासरी दोन पिढ्यांत दुप्पट झाली. म्हातारं होण्याचा वेग मात्र जवळपास होता तिथेच आहे.

हा वेग मोजता येतो. बेंजामिन गोम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितीनं १८२५ मध्ये मृत्यूचे तक्ते तपासताना पाहिलं की, मोठेपणी मरण्याची शक्यता ठरावीक काळानं दुप्पट होत जाते. माणसात हा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. तिशीच्या माणसाला येत्या वर्षभरात मरणाचा जो धोका असतो, तो सत्तरीत पाच वेळा दुप्पट झालेला, म्हणजे बत्तीस पट असतो. उंदरात ही दुपटी काही महिन्यांतच होते. म्हातारपण म्हणजे पांढरे केस नव्हेत. जीवशास्त्राच्या दृष्टीनं म्हातारपण म्हणजे हा चढता आलेख.

आता कारण. पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं की, शरीर वापरून वापरून झिजतं. हे उत्तर मला कधीच पटलं नाही. ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना वर्गात दरवर्षी ते यायचं आणि मी दरवर्षी एकच प्रश्न विचारायचे. गुडघा फुटला की कातडी भरून येते, हाड मोडलं की जुळतं, आतड्याच्या आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. जे शरीर एका पेशीपासून अख्खा माणूस उभा करतं, त्याला तयार माणूस नुसता टिकवणं अवघड का जावं? सजीव स्वतःची दुरुस्ती करतात. मग प्रश्न असा होतो की, दुरुस्ती कमी का पडते आणि घुशीत ती फ्लेमिंगोपेक्षा इतकी लवकर कमी का पडते?

झिजण्याच्याच कल्पनेचं एक शास्त्रीय रूप शंभर वर्षांपूर्वी जोरात होतं. माक्स रुब्नर या जर्मन शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये आणि त्यानंतर रेमंड पर्ल यांनी १९२८ मध्ये मांडलं की, ज्याचं शरीर भराभर ऊर्जा जाळतं तो लवकर मरतो. उंदराचं काळीज मिनिटाला पाच-सहाशे वेळा धडधडतं आणि हत्तीचं तीसेक वेळा, म्हणून उंदराचं आयुष्य छोटं. ऐकायला सुरेख वाटतं, पण पक्षी आणि वटवाघळं या नियमाला अजिबात जुमानत नाहीत. पक्ष्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, उडताना तो अफाट ऊर्जा जाळतो आणि तरी तेवढ्याच वजनाच्या जमिनीवरच्या प्राण्यापेक्षा तो कितीतरी जास्त जगतो. सैबेरियात सापडलेलं ब्रांट जातीचं एक वटवाघूळ जेमतेम सात ग्रॅम वजनाच्या जातीतलं होतं. ते ओळखीची कडी घातल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडलं.

खरी दिशा मिळाली ती उत्क्रांतीच्या बाजूनं. पीटर मेडावार यांनी १९५१ मध्ये लंडनमधल्या एका व्याख्यानात जो विचार मांडला, तो मला या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो समजून घ्यायला एक काल्पनिक हिशोब करू. समजा, अजिबात म्हाताऱ्या न होणाऱ्या शंभर घुशी आहेत. पण घार, घुबड, कोल्हा, मांजर, साप, विष, भरती आणि रोग यांच्यामुळे दर सहा महिन्यांनी निम्म्या मरतात. सहा महिन्यांनी पन्नास उरतील, वर्षानं पंचवीस, दीड वर्षानं बारा, दोन वर्षांनी सहा आणि तीन वर्षांनी एखाद-दुसरी. आता या घुशींत एखादं जनुक असं निघालं की जे तिसऱ्या वर्षी काळीज निकामी करतं. नैसर्गिक निवड ते काढून टाकेल का? टाकणार नाही, कारण त्याचा त्रास व्हायला तिसऱ्या वर्षी कोणी शिल्लकच नाही. घुशीनं पहिल्या वर्षभरातच दर खेपेला आठ-दहा अशी पिल्लं घातलेली आहेत आणि ते खराब जनुक त्यांच्याकडे बिनबोभाट गेलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या अशी उशिरा त्रास देणारी जनुकं साठत जातात. त्यानंतर कोणी ती घूस उचलून सुरक्षित पिंजऱ्यात ठेवली, तर तिसऱ्या वर्षी ती सगळी एकदम बाहेर पडतात. त्यालाच आपण तिचं म्हातारपण म्हणतो.

तोच हिशोब फ्लेमिंगोचा करा. उथळ पाण्यात हजारोंच्या थव्यानं राहणारा, चाहूल लागताच उडून जाणारा मोठा पक्षी. समजा, शंभरातले दरवर्षी पाचच मरतात. तर वीस वर्षांनंतरही छत्तीस जिवंत असतील आणि घरटी करत असतील. विसाव्या वर्षी काळीज बंद पाडणारं जनुक इथे महागात पडेल. ज्या पक्ष्यात ते असेल त्याची पिल्लं कमी होतील आणि ते जनुक हळूहळू नाहीसं होईल. म्हणजे प्रत्येक जातीचं आयुष्य ठरलं ते तिच्या पूर्वजांना बाहेरून मरणाचा किती धोका होता, त्यावरून. मला या सगळ्या विषयात सांगायची असलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

मेडावारांच्या आधी जे. बी. एस. हाल्डेन यांच्याही लक्षात यातलं मर्म आलं होतं. हे तेच हाल्डेन, जे पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. हंटिंग्टन हा मेंदूचा जीवघेणा आजार एकाच जनुकामुळे होतो, मग तो समाजातून नाहीसा का होत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. त्याची लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत दिसू लागतात. तोवर माणसाला मुलं झालेली असतात.

जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये यात एक पाऊल पुढे टाकलं. काही जनुकं तारुण्यात फायद्याची आणि म्हातारपणी तोट्याची असू शकतात. तारुण्यात फायदा घेणारे पुष्कळ, म्हातारपणी तोटा सोसायला उरणारे थोडे, म्हणून अशी जनुकं नुसती टिकत नाहीत, तर पसरतात. केळ एकदा घड धरते आणि मरते. बांबू फुलला की अख्खं बेट वाळतं. पॅसिफिक सॅमन मासा नदीत चढून अंडी घालतो आणि काही दिवसांतच मरतो. सगळी पुंजी एकदाच पुढच्या पिढीवर उधळण्याची ही टोकाची उदाहरणं.

पुंजीचा हा मुद्दा टॉम कर्कवुड यांनी १९७७ मध्ये नेमका मांडला. अन्नातून मिळणारी ऊर्जा मर्यादित असते. ती वाढीला लावायची, पिल्लांना लावायची की शरीराच्या दुरुस्तीला? नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत किंवा वाशीच्या सिडको वसाहतीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. पुनर्विकास दोन-तीन वर्षांवर आला असेल, तर सर्वसाधारण सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव मंजूर होत नाही. पाडायचीच आहे तर कशाला, असं सगळे म्हणतात. गळतीला डांबर लावलं जातं, पंप तेवढा चालू ठेवला जातो, प्लास्टर पडलं तिथे सिमेंट थापलं जातं. इमारत वाईट बांधलेली असते म्हणून ती खचत नाही. तिच्यावर खर्च करण्यात अर्थ उरलेला नसतो. घुशीचं शरीर हे असं चालवलेलं आहे. फ्लेमिंगोच्या शरीरात मात्र दुरुस्तीचा निधी दरवर्षी भरला जातो. फरक एवढाच की, इथे सभा घेणारं कोणी नाही. ज्या घुशींनी दुरुस्तीवर कमी आणि पिल्लांवर जास्त ऊर्जा लावली, त्यांची पिल्लं जास्त झाली आणि पुढच्या पिढीत त्याच उरल्या.

हे सगळं तर्कानं छान बसतं, पण प्रत्यक्षात तपासणार कसं? स्टीव्हन ऑस्टॅड यांनी ते ज्या प्रकारे तपासलं, ते मला फार आवडतं. अमेरिकेत ओपोसम नावाचा मांजराएवढा पिशवीवाला प्राणी आहे. तो दोन वर्षांतच पार म्हातारा होतो, डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावरचे केस झडलेले. मुख्य भूमीवर त्याला खाणारे पुष्कळ. पण जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ सापेलो नावाचं बेट आहे. ते चार-पाच हजार वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटलं आणि तिथे ओपोसमला मारणारे मोठे शिकारी नाहीत. मेडावार बरोबर असतील, तर या बेटावरचे ओपोसम सावकाश म्हातारे व्हायला हवेत.

ऑस्टॅड यांनी दोन्हीकडच्या माद्यांना रेडिओ कॉलर घातले आणि त्या मरेपर्यंत त्यांचा माग ठेवला. बेटावरच्या माद्या सरासरी सुमारे पाव पट जास्त जगल्या. शिकारी नाहीत म्हणून जास्त जगल्या, असं कोणीही म्हणेल, म्हणून त्यांनी आणखी एक मोजणी केली. शेपटीतल्या स्नायूबंधांतले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू काढून ते किती ताठर झाले आहेत, ते पाहिलं. वय वाढतं तसे हे तंतू एकमेकांना घट्ट जोडले जाऊन कडक होतात, आपल्याही कातडीत आणि रक्तवाहिन्यांत हेच होतं. बेटावरच्या ओपोसममध्ये हे कडक होणं हळू चाललं होतं. म्हणजे शरीर आतूनच सावकाश म्हातारं होत होतं. शिवाय तिथल्या माद्या एका वेळी पिल्लं थोडी घालत आणि दुसऱ्या वर्षीही त्यांची पिल्लं नीट वाढत. हे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. धोका घटला आणि चार-पाच हजार वर्षांत म्हातारपण मागे सरकलं.

एकदा ही नजर आली की जगातली विचित्र उदाहरणं रांगेत येऊन बसतात. उडणारे जास्त जगतात: पक्षी, वटवाघळं. कवच असलेले जास्त जगतात: कासवं, शिंपले. आइसलँडजवळच्या समुद्रातला एक शिंपला तर ५०७ वर्षांचा निघाला. जमिनीखाली बिळांत राहणारा, अंगावर केस नसलेला पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल-रॅट उंदराएवढाच असूनही तीस वर्षांपेक्षा जास्त जगतो. मधमाश्यांच्या पोळ्यात कामकरी माशी आणि राणी यांच्या जनुकांत मूलभूत फरक नसतो. अळीला खाऊ काय घातला, त्यावर ती कोण होणार ते ठरतं. उन्हावाऱ्यात फिरणारी कामकरी काही आठवड्यांत मरते आणि पोळ्याच्या आत जपलेली राणी दोन-तीन वर्षं अंडी घालते.

खाडीतल्या पाहुण्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. लांब आयुष्याची किंमत असते आणि ती म्हणजे थोडी पिल्लं. फ्लेमिंगो काही वर्षांचा झाल्यावर घरटं करतो आणि एका विणीत एकच अंडं घालतो, तेही सगळ्या वर्षी नाही. घुशींची अर्धी वस्ती मारली तरी काही महिन्यांत भरून निघते. प्रौढ फ्लेमिंगो मेले तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरत्या विमानाच्या धडकेत सुमारे चाळीस फ्लेमिंगो एका रात्रीत मेले. त्याच सुमाराला नेरूळच्या पाणथळीत भरतीचं पाणी अडल्यावर पक्षी मरून पडल्याच्या बातम्या येत होत्या. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पक्षी अभयारण्याच्या हद्दीत बसून राहत नाहीत. भरतीला खाडी भरली की ते टेकायला नेरूळ-सीवूड्सच्या तलावांवर येतात. ज्या जिवाचं सगळं गणित 'प्रौढ सहसा मरत नाही' यावर उभं आहे, त्याचे प्रौढच मारले तर त्याला वाचवायला घुशीचा उपाय त्याच्याजवळ नाही. ही पाणथळ सुकू देऊ नये, असं मी म्हणते ते या जीवशास्त्रावरून म्हणते.

आता शरीराच्या आत जाऊ. दुरुस्ती म्हणजे नेमकी कशाची?

सगळ्यात महत्त्वाची डीएनएची. पेशी दुभंगताना नक्कल करण्यात चुका होतात, शिवाय श्वासोच्छ्वासातून तयार होणारी आक्रमक रसायनं, ऊन आणि धूर यांनीही डीएनए बिघडतो. बहुतेक बिघाड पेशी लगेच दुरुस्त करते, थोडे निसटतात. इंग्लंडमधल्या वेलकम सँगर संस्थेतल्या गटानं २०२२ मध्ये सोळा सस्तन प्राण्यांच्या आतड्यांतल्या पेशींत निसटलेल्या चुका मोजल्या. उंदराच्या पेशीत वर्षाला सुमारे ८०० चुका साठतात, माणसाच्या पेशीत सुमारे ४७. आता ८०० गुणिले उंदराची फार तर चार वर्षं करा, आणि ४७ गुणिले माणसाची ऐंशी. पहिला आकडा ३,२००, दुसरा ३,७६०. जिराफ आणि नेकेड मोल-रॅट यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण आयुष्य जवळपास सारखं आणि वर्षाच्या चुकाही जवळपास सारख्याच, शंभराच्या आतबाहेर. आयुष्याची लांबी वेगळी, पण मरताना पेशीतल्या चुकांचा गठ्ठा साधारण एकाच आकाराचा! या चुकांनीच मरण येतं असं यावरून सिद्ध होत नाही. पण दुरुस्तीचा दर्जा आयुष्याच्या लांबीशी बांधलेला आहे, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

हत्तीचं कोडं याच घरातलं. पेशी जितक्या जास्त, तितकी एखादी बिघडून कर्करोग होण्याची शक्यता जास्त, मग हत्तीला माणसापेक्षा कर्करोग कमी का? २०१५ मध्ये आढळलं की, बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मरायला लावणारं पी-५३ नावाचं जनुक माणसाच्या जनुकसंचात एकदाच येतं, हत्तीत त्याच्या वीस प्रती आहेत. एवढं मोठं शरीर साठ-सत्तर वर्षं चालवायचं तर पहारा वाढवावाच लागतो.

गुणसूत्रांच्या टोकांना असलेल्या टेलोमिअरची चर्चा वर्तमानपत्रांत खूप होते. पेशी दुभंगली की ही टोकं थोडी आखूड होतात. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं की, प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी चाळीस ते साठ वेळा दुभंगून थांबतात. टोकांचं काम उलगडल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. पण टेलोमिअर लांब म्हणजे आयुष्य लांब, असा सरळ हिशोब नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात. आपल्या शरीरातली ही आखूड होणारी टोकं कर्करोगाला घातलेला लगाम आहेत. पेशी बेबंद दुभंगू नये, म्हणून ही व्यवस्था. दुभंगणं थांबवलेल्या अशा पेशी सगळ्या मरत नाहीत, काही तशाच राहतात आणि आजूबाजूला दाह निर्माण करणारी रसायनं सोडत बसतात. तारुण्यात कर्करोगापासून वाचवणारी सोय म्हातारपणी सांधे आणि रक्तवाहिन्या खराब करते. विल्यम्स म्हणत होते ते हेच.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांकडे लॅब्रॅडॉर आहे. दहा वर्षांचा. तोंडाभोवती पांढरा झालाय, पायऱ्यांपाशी थांबून अंदाज घेतो आणि उजेडात त्याच्या डोळ्यांत पाहिलं की बुबुळामागे निळसर धुरकटपणा दिसतो. काका एकदा म्हणाले, "मॅडम, शेजारचं ते बारकं कुत्रं याच्यापेक्षा मोठं आहे वयानं, आणि कसं उड्या मारतंय बघा." त्यांचं निरीक्षण अचूक आहे. वेगवेगळ्या जातींच्या प्राण्यांत मोठे जास्त जगतात, पण एकाच जातीच्या आत उलट होतं. ग्रेट डेन आठ-नऊ वर्षांत जातो, चिवावा चौदा-पंधरा वर्षं काढतो. निसर्गानं नव्हे, माणसानं शेकडो वर्षं निवड करून कुत्र्यांचे हे आकार केले. त्यात वाढीचा इशारा देणाऱ्या आयजीएफ-१ या प्रथिनाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे. वाढ भराभर, म्हातारपण लवकर.

वाढीचा हा इशारा फार जुना आहे. सिंथिया केनियन यांच्या गटानं १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत डॅफ-२ या एकाच जनुकात बदल केला आणि त्याचं आयुष्य दुप्पट झालं. ते जनुक इन्सुलिन आणि आयजीएफ यांच्या संदेशांचंच नातेवाईक निघालं. क्लाइव्ह मकाय यांनी १९३५ मध्ये कमी खाऊ घातलेले उंदीर जास्त जगतात, हे दाखवलं होतं, त्यामागेही बऱ्याच अंशी हीच यंत्रणा आहे. अन्न कमी, तर वाढ थांबवा आणि आहे ते नीट सांभाळा. माकडांवर हाच प्रयोग दोन ठिकाणी झाला तेव्हा उत्तरं एकसारखी आली नाहीत. म्हणून उपाशी राहून शंभरी गाठता येते, असं कोणी सांगितलं तर मी होकारार्थी मान डोलावणार नाही.

माणसाचं काय? आपण आपल्या आकाराच्या मानानं फार जगणारे प्राणी आहोत. चिंपांझी क्वचितच साठी गाठतो. झान काल्मां ही फ्रेंच बाई १९९७ मध्ये गेली ती १२२ वर्षांची होऊन, आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. हत्यारं, आग, टोळी आणि एकमेकांची राखण यांनी आपल्या पूर्वजांचा बाहेरचा धोका घटवला आणि मेडावारांच्या नियमानं आयुष्य लांबलं. त्यात आज्यांचा वाटा असावा, असं क्रिस्टन हॉक्स यांनी टांझानियातल्या हाद्झा लोकांत राहून केलेल्या कामावरून मांडलं. तिथल्या म्हाताऱ्या बायका दिवसभर कंद खणून नातवंडांना खाऊ घालतात. मूल होणं थांबल्यावरही जिच्यामुळे नातवंडं जगतात, तिची जनुकं पुढे जातात. बाईची पाळी गेल्यावर पुढे तीस वर्षांचं आयुष्य असणं ही प्राण्यांत फार दुर्मीळ गोष्ट आहे. काही दातवाल्या देवमाशांत ती आढळते.

पण हा सगळा हिशोब शिकार आणि कंदमुळांच्या काळातला आहे. आज पंच्याहत्तरीचे हजारो लोक सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतात. ती वर्षं नैसर्गिक निवडीनं फारशी पाहिलेलीच नाहीत. गुडघे, प्रोस्टेट, विसरभोळेपणाचे आजार, मोतीबिंदू हे सगळे तिथेच गर्दी करतात, याचं कारण हे आहे. यातला मोतीबिंदू मला नेहमी समजावून सांगावासा वाटतो, कारण दुरुस्ती नसलेला अवयव कसा असतो ते त्यात उघड दिसतं.

डोळ्याच्या भिंगाच्या मध्यावरच्या पेशी आपण आईच्या पोटात असताना तयार होतात. भिंग पारदर्शक राहावं म्हणून त्या आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात, म्हणजे त्यानंतर नवं प्रथिन बनवायची सोयच नाही. सत्तरीच्या माणसाच्या भिंगातलं मधलं प्रथिन सत्तर वर्षांचंच असतं. ती प्रथिनं बिघडून गोळा होऊ नयेत म्हणून अल्फा-क्रिस्टॅलिन नावाचं प्रथिन त्यांना सांभाळतं, पण त्याचाही साठा जन्मजात तेवढाच. चाळिशीच्या आसपास मध्यावरचा साठा संपत येतो, भिंग कडक व्हायला लागतं आणि चष्मा लागतो. पुढे साठी-सत्तरीला प्रथिनांचे गोळे उजेड अडवतात. उंदराच्या भिंगातही अशाच प्रकारची प्रथिनं असतात. त्याला मोतीबिंदू दोन वर्षांत येतो. उंदराच्या पूर्वजांना तिसऱ्या वर्षी स्वच्छ दिसण्याची गरज पडली नाही, आपल्या पूर्वजांना साठीपर्यंत पडली.

काकांनी मला फोनवर आलेली एक जाहिरात दाखवली होती, टेलोमिअर वाढवून वय कमी करणाऱ्या गोळ्यांची, महिन्याला काही हजारांची. घ्याव्यात का, असं त्यांनी विचारलं. मी स्पष्ट सांगितलं की घेऊ नका. उंदरांचं आयुष्य वाढवणारी औषधं खरोखर सापडली आहेत. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं रॅपामायसिन म्हाताऱ्या उंदरांना दिलं तरी ते जास्त जगले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, आणि कोणत्याही गोळीनं माणसाचं म्हातारपण मागे ढकललं, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. काकांचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकत आला होता आणि ते ऑपरेशन पुढे ढकलत होते. मी म्हटलं, "आधी ते करून घ्या." वीसेक मिनिटांचं काम. सत्तर वर्षांचं भिंग फोडून शोषून घेतात आणि त्या जागी ॲक्रिलिकचं बसवतात. त्या भिंगाला पुन्हा मोतीबिंदू होत नाही. मागे राहिलेल्या पातळ पडद्यावर पुढे कधी पेशी वाढून धूसर दिसायला लागलं, तर बाहेरच्या बाहेर लेझरनं पाच मिनिटांत साफ करता येतं.